पाठ दुखत होती, म्हणून मुरगूडच्या विहिरीत उतरले

कोल्हापूरला लोक देवदर्शनाला जातात, चपला आणि गूळ आणायला जातात, रस्सा प्यायला जातात. मी पोहायला शिकायला गेले होते. चार-पाच दिवस रोज अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला तेव्हा ऑफिसातल्या एकाने विचारलं, "का, पुण्यात पाणी संपलं का?" प्रश्न रास्त होता, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम, आणि ते बसून करायचं असतं. इतकी वर्षं बसल्यावर गेल्या पावसाळ्यात कमरेने संप पुकारला. मणक्यातली चकती सरकली होती. आधी अंथरूण, मग पट्टा, मग फिजिओथेरपी. उभ्याने काम करायला उंच टेबल घेतलं, तरी एक मीटिंग सलग पार पडेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोहायला लागा. पाण्यात पाठीवर भार येत नाही आणि स्नायू घट्ट होतात. ते जमलं नाही तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल." मी मान डोलावली. मला पोहता येत नाही आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा श्वास अडकतो, हे सांगायचं राहूनच गेलं.

आमच्या भागातल्या तलावावर नाव घातलं. पहिल्या दिवशी उथळ बाजूला दांडी धरून उभी राहिले. आजूबाजूला शाळेतली पोरं उड्या मारत होती, शिक्षक काठावरून शिट्टी फुंकत होता. तो म्हणाला, "सोडा दांडी," आणि माझ्या हातांनी ऐकलं नाही. कपडे बदलून घरी आले ती परत गेलेच नाही. नवऱ्याला, निखिलला, सांगितलं की तिथल्या पाण्यातल्या औषधाची ॲलर्जी येते.

यास्मिनला मात्र खरं सांगितलं. यास्मिन माझ्या टीममधली. कोल्हापूरला लागून असलेल्या कसबा बावड्यात राहते आणि घरूनच काम करते. माझ्याहून बरीच लहान. ती नोकरीला लागली तेव्हा तिला काम शिकवायचं माझ्याकडे होतं, आणि ते सगळं शिकवणं स्क्रीनवरच झालं. वर्षानुवर्षं रोज बोलत होतो, पण भेटलो कधीच नव्हतो. एका मीटिंगनंतर बाकीचे गेले आणि ती थांबली.

"मीनलताई, हल्ली कॅमेरा का बंद ठेवता?"

"उभी असते गं. मधेच आडवी होते. बरं दिसत नाही ते."

मग सगळंच सांगून टाकलं. तलाव, दांडी, शिट्टी. ती म्हणाली, "मग हिकडं या की. मुरगूडला अम्मीच्या घरामागं मामांची हीर हाय. मी तिथंच पवायला शिकलो. शिट्टी न्हाय, काय न्हाय. मी शिकवतो तुमाला."

हीर म्हणजे विहीर, पवणं म्हणजे पोहणं. आणि 'शिकलो' वाचून दचकू नका. कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. यास्मिन ऑफिसात पुणेरी वळणाने बोलते, पण बोलण्यात जीव आला की घरच्या भाषेवर येते.

नाही म्हणायला कारणं पुष्कळ होती. पण त्याच आठवड्यात हातातून चमचा पडला आणि तो उचलायला मला निखिलला हाक मारावी लागली. मी तिकीट काढलं.

तुमचीही पाठ माझ्यासारखी असेल तर पुण्याहून कोल्हापूरला रेल्वेच बरी. महामार्गाची कामं अजून चालूच आहेत, बसला सहा तास सहज लागतात, आणि मधल्या वळणरस्त्यांवरचे धक्के नकोत. रेल्वेत खालचा बर्थ मिळाला की आडवं होऊन जाता येतं, तिकीटही स्वस्त पडतं. मिरजेला गाडी रेंगाळते, तिथे चहा मिळतो. मिरजेनंतर उजाडतं, आणि मग कोल्हापूरपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस.

स्टेशनवर यास्मिन घ्यायला आली होती. मी तिच्या समोरून निघून गेले. स्क्रीनवर माणूस खांद्यापर्यंतच दिसतो. ती इतकी उंच असेल असं वाटलंच नव्हतं. तिने मागून हाक मारली तेव्हा आवाज ओळखीचा आणि माणूस अनोळखी, अशी गंमत झाली. गाडीत बसल्यावर दोघींना काही सुचेना. रोज तासन्‌तास बोलणाऱ्या आम्ही, "प्रवास कसा झाला", "ठीक झाला" इथेच अडकलो. मला क्षणभर वाटलं, चुकलंच. कामापुरती ओळख होती ती आपण ओढून घरापर्यंत आणली.

मिसळीने सुटका केली. इथे मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस देतात आणि कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, मागाल तितका वाढतात. शंभराच्या आत पोट गच्च भरतं. मी पहिल्याच घासाला ठसकले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. यास्मिनने पाण्याचा ग्लास पुढे केला. वाढपी म्हणाला, "पावणं, दही आणू काय?" मी जोरजोराने मान डोलावली आणि यास्मिन हसायला लागली. ते हसणं मला पाठ होतं. तिथून पुढे आम्ही पुन्हा आम्ही झालो.

कसबा बावड्यातल्या तिच्या घरी दुपारपर्यंत काम केलं. एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि जवळच साखर कारखाना. तिच्या टेबलासमोरच्या खिडकीखालून उसाने भरलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात. "यास्मिन, माइक बंद कर," असं मी तिला किती मीटिंगांत म्हटलं असेन. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती माइक बंद करायची तेव्हा खिडकीही बंद करायची, आणि फेब्रुवारी सरतानाच्या त्या उन्हात खोली भट्टीसारखी तापायची. मी म्हटलं, "राहू दे उघडी." मीटिंगमधल्या कुणी काही म्हणालंही नाही.

संध्याकाळी तिच्या छोट्या गाडीतून मुरगूडला निघालो. महामार्गाने कागलपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. रस्ता चांगला आहे, पण उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे असतात, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी इकडे येऊ नये. तासाभराच्या रस्त्याला आम्हाला दीड तास लागला.

यास्मिनची आई, खैरूनमावशी, दारातच उभ्या होत्या. त्यांचं बाजारात बांगड्यांचं छोटं दुकान आहे. नवरा जाऊन काही वर्षं झाली. तिन्ही मुलींची लग्नं झाली आणि आता घरात त्या एकट्याच असतात. माझा हात हातात घेऊन त्यांनी आधी मनगट न्याहाळलं. "येवढं बारीक मनगट," त्या म्हणाल्या, "आणि दिसभर टायपिंग. पाठ दुखणार न्हाय तर काय." रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका आणि मटणाचा पांढरा रस्सा. मिसळीत हरलेली माणसं पांढऱ्या रश्शावर हक्काने जगू शकतात, हे नोंदवून ठेवा.

सकाळी विहिरीवर गेलो. काळ्या दगडात बांधलेली गोल विहीर, एका अंगाने उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि हिरवट, हलतंय की नाही कळू नये असं पाणी. मालक नामदेवमामा. नात्याने कुणी नाहीत, शेजारचे शेतकरी, पण यास्मिनच्या लहानपणापासून मामाच. त्यांनी मोटर बंद केली, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "घाबरतासा व्हय पावणं?"

"हो," मी म्हटलं.

"मग चांगलं हाय. न घाबरणारीच बुडत्यात." आणि ते उसाच्या बांधावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. बायका पाण्यात असेपर्यंत इकडे कुणाला फिरकू द्यायचं नाही, हा त्यांचा जुना नेम.

यास्मिनने वरच्या पायरीवरून अंग मुडपून मुटका मारला. सगळी विहीर उसळली आणि मी भिंतीला चिकटले. त्या दिवशी मी गुडघ्याच्या वर गेले नाही. पाणी कोमट होतं, छान होतं, तरी नाही. पायऱ्यांवर बसलेल्या खैरूनमावशींना मी ओशाळून म्हटलं, "तुमचं दुकान माझ्यासाठी बंद ठेवलंत, आणि मी ही अशी."

"पाय भिजलं की," त्या म्हणाल्या. "उद्या बाकीचं भिजवू." त्यांनी माझे पाय टॉवेलने पुसले. मी नको नको म्हणत होते, तरी पुसले.

दुसऱ्या दिवशी यास्मिनने माझ्या पाठीला प्लास्टिकचा रिकामा कॅन दोरीने बांधला आणि एक पायरी, मग दुसरी, असं करत मला छातीभर पाण्यात नेलं. "आता मागं रेला. माझा हात हाय खाली. मान ढिली ठेवा, दगड हाय समजा." मला वाटतं मी बराच वेळ तिचा दंड पकडून उभी होते. ती एकदाही 'सोडा' म्हणाली नाही. केव्हातरी माझीच बोटं दमली आणि सुटली.

डोळे उघडले तेव्हा वर विहिरीच्या काठाने कापलेलं गोल आभाळ होतं. आणि पाठ दुखत नव्हती. हे कसं सांगू? कित्येक महिने बसताना, उठताना, झोपेतसुद्धा जे दुखणं माझ्याबरोबर होतं, ते नव्हतंच. मी रडायला लागले. यास्मिन घाबरली. "ताई, नाकात पाणी गेलं काय?" मी नुसतीच नाही म्हटलं.

बाहेर आल्यावर मात्र ते दुखणं व्याजासकट परतलं. भीतीने सगळं अंग आखडून धरलं होतं, त्याचा तो परिणाम. दुपारी काम करताना खुर्चीतून उठता येईना. खैरूनमावशींनी वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि मला पालथं झोपवून शेक दिला. मी पडल्या पडल्या विचारलं, "तुम्हाला येतं पोहायला?"

"मला? न्हाय बाई. पोरींना त्यांच्या अब्बांनी शिकवलं. तिघींना. लोक म्हणायची, पोरींना हिरीत कशाला घालतोस. त्यांनी ऐकलं न्हाय. मलाबी म्हणायचे, तू पण ये. मी म्हणलं, टॉवेल कोण धरणार मग?" त्यांनी वीट सरकवली. "आता धरायला टॉवेल न्हाईत आणि म्हणायला तेबी न्हाईत."

त्या शेकत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी मी कॅनच्या आधाराने हातपाय मारायला शिकले. यास्मिन पुढे, मी मागे, अशी निम्मी विहीर पार केली असेल, आणि दोरीची गाठ सुटली. कॅन बाजूला गेला आणि मी खाली गेले. वर-खाली काही कळेना. नाकातोंडात पाणी शिरलं. मग पोटाखाली यास्मिनचा खांदा लागला आणि तिने मला ढकलत पायरीपर्यंत आणलं. मी खोकत वर चढले. बांधावरून मामांचा आवाज आला, "काय झालं गं यास्मिन?" ती म्हणाली, "काय न्हाय मामा, पाणी पिल्या पावणं."

"बस," मी तिला म्हटलं. "झालं माझं. ऑपरेशन करून घेते."

ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. दोघींच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. मग तिने एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून एक चूक तपासायची राहिली आणि ग्राहकाची सगळी यंत्रणा अर्धा दिवस बंद पडली होती. ती राजीनामा द्यायला निघाली होती. "तुमी मला फोन केला. तुमीच म्हणाला, राजीनामा उद्या बघू, आता आपण दोघी मिळून ही चूक दुरुस्त करू. फोन चालू ठेवून बसला माझ्यासंगट. संपेपर्यंत. तुमाला आठवत न्हाय?"

मला खरंच आठवत नव्हतं. असे फोन आमच्या कामात होतच असतात.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "माझं घर चाललंय त्या फोनवर. आज तुमी हितनं गेला तर तलावावर झालं तसंच हुईल. मी धरतो. पण उतरायचं तुमीच."

मी तिच्याकडे पाहिलं. ओले केस चेहऱ्याला चिकटले होते आणि तीही थोडी घाबरलेली होती, हे तेव्हा दिसलं. मला बुडताना पाहून तिचंही काळीज हललं होतं. मी उठले. गाठ या वेळी तिने दोनदा बांधली, मी दोनदा ओढून पाहिली, आणि पुन्हा पाण्यात गेले. पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आले. कुत्रं पोहतं तसं पोहले असेन, मान वर काढून, धापा टाकत. पण कॅन असला तरी हातपाय माझे होते. मामा बांधावरून पाठमोरेच ओरडले, "जमलं काय?" आणि यास्मिन ओरडली, "जमलं की."

निघायच्या दिवशी सकाळी शेवटचं उतरायचं म्हणून आवरत होतो, तर खैरूनमावशी खोलीतून बाहेर आल्या त्या यास्मिनचा जुना सलवार-कुर्ता घालून. आम्ही बघतच राहिलो. "जन्मात ड्रेस घातला न्हाय मी," त्या म्हणाल्या. "घट्ट व्हायलाय. पण साडी पायात येती म्हणून घातला. मलाबी उतरवा आज."

"अम्मी, खरंच?"

"ह्या पुण्यास्नं आल्या उतरायला. मी तर शेजारीच राहतो."

मामांनी लांबूनच पाहिलं आणि बांधावर जाऊन बसले. मावशींनी हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढल्या, रुमालात गुंडाळून वरच्या पायरीवर ठेवल्या. कॅन त्यांच्या पाठीला यास्मिनने बांधला. एका हाताला ती, दुसऱ्या हाताला मी. मी, जी आदल्या दिवशी बुडत होते, ती कुणाचा तरी हात धरून पाण्यात उभी होते. मावशींची पकड इतकी घट्ट होती की माझ्या बोटांवर वळ उठले. एक पायरी उतरून त्या थांबल्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग पुढची पायरी. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी हळूच "या अल्ला" म्हटलं आणि आपण होऊन मागे रेलल्या.

आम्ही दोघींनी खालून हात धरले होते. त्यांचे पांढरे केस पाण्यावर पसरले. बऱ्याच वेळाने यास्मिन म्हणाली, "अम्मी, आता वर चल, गारठशील," आणि मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "थांब की जरा." यास्मिनने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पाण्याने ओला होता की आणखी कशाने, मी विचारलं नाही.

त्या वर आल्या तेव्हा टॉवेल मी धरला.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. विहिरीत एकट्याने कधीही उतरू नका. पट्टीचा पोहणारा सोबत हवाच. मालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच. गाठ स्वतः ओढून पाहा. फेब्रुवारी-मार्चात सकाळचं पाणी कोमट असतं आणि वरची हवा गार, त्यामुळे बाहेर आल्यावर अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा. मुरगूडमध्ये राहायची सोय बेताची आहे, कोल्हापुरात राहून सकाळी येता येईल. आणि परतताना बावड्यात थांबून ताजा गूळ घ्यायला विसरू नका. आम्ही घेतला, आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातला बराचसा मीच संपवला.

घरी येऊन आता दीड महिना झाला. पाठ पूर्ण बरी झालेली नाही, तसं लिहिलं तर खोटं होईल. पण डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढणं थांबवलं आहे. निखिलला ॲलर्जीची खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मला माहीत होतं. आठवड्यातून तीन दिवस तलावावर जाते. उथळ बाजूलाच, पण दांडी सोडून. कामाच्या ठिकाणी आम्ही एकमेकांचा किती वेळ घेतो आणि देतो, याचा विचार मी पूर्वी केला नव्हता. मी कधीतरी फोन चालू ठेवला आणि विसरून गेले. त्या बदल्यात एका मुलीने मला पाण्यातून खांद्यावर उचलून आणलं, एका बाईने सकाळी दुकान बंद ठेवलं, एका म्हाताऱ्या माणसाने उसाकडे तोंड करून राखण केली. यांतलं कुणीही माझं काही देणं लागत नव्हतं.

परवा यास्मिनने फोन मावशींकडे दिला. मी आभार मानायला सुरुवात केली, तर त्यांनी थांबवलं. त्या आता दर रविवारी उतरतात, यास्मिन आली की. हात मारायला अजून येत नाही, नुसत्या तरंगतात.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "कान बुडलं की सगळं गप हुतंय व्हय? एकदम. आपला श्वासच तेवढा ऐकू येतो."

"हो मावशी."

"इतकी वर्षं काठावर बसलो," त्या म्हणाल्या. "पोरींनी कदी सांगितलंच न्हाय मला."